लिहिणावळ : लेखनाच्या मोलाचे एकक आणि जालना परिसरातील तीन लेखकवर्ग

१

लेखनाचे श्रम विकत घेता येतात, ही गोष्ट मराठी समाजास नवी नाही. नवे एवढेच की, आज हे श्रम विकणारा मनुष्य पुष्कळदा कोणाचा चाकर नसतो, वतनदार नसतो आणि कोणाचा शिष्यही नसतो. व्यापारी पेढीचे माहितीपत्रक, बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर किंवा वृत्तपत्रातील जाहिरातीच्या चार ओळी लिहून देणारा स्वतंत्र जाहिरात-लेखक आपला दर आपणच ठरवितो, निदान त्याने तो ठरवावा अशी अपेक्षा असते. हा दर रास्त केव्हा म्हणावा, हा प्रश्न प्रथमदर्शनी अर्थशास्त्राचा वाटतो. परंतु दर म्हटला की माप आले, आणि माप म्हटले की एकक आले. लेखन मोजावयाचे ते अक्षराने, ओळीने, शब्दाने, वेळाने की उपयोगाने, हा त्या प्रश्नाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे आणि त्याचा बराचसा भाग भाषाशास्त्राच्या कक्षेत पडतो.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार जालना जिल्ह्याच्या परिसरातील तीन लेखकवर्गांच्या आधारे करावयाचा आहे. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यातील बहुतेक भाग तत्पूर्वी औरंगाबाद जिल्ह्यात, तर परतूरचा भाग परभणी जिल्ह्यात होता. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात आला. यामुळे बाळबोध पोथी, मोडी दप्तर, फारसी व उर्दू कचेरी आणि छापील मराठी या चारही लेखनव्यवहारांचे थर या एका प्रदेशात एकावर एक साचलेले आहेत. प्रत्येक थरात लेखनाचे मोल निराळ्या एककाने ठरले, आणि त्या एककाने लेखकाच्या कामाचा कोणता भाग दिसू दिला व कोणता झाकून टाकला, हेच पाहणे येथे अभिप्रेत आहे.

२

आरंभी शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. मराठीत श्रमाच्या मोबदल्यास जे अनेक शब्द आहेत ते एकमेकांचे पर्याय नव्हेत. प्रत्येकात मोबदल्याचा एकेक निराळा सिद्धान्त दडलेला आहे. 'मुशाहिरा' हा शब्द महिना या अर्थाच्या अरबी 'शह्र' शब्दाशी संबंधित आहे. त्यात मोबदला काळावर ठरतो, कामाच्या परिमाणावर नव्हे. 'मेहनताना' श्रमाकडे बोट दाखवितो. 'बिदागी' निरोपाशी निगडित आहे. गायक किंवा कीर्तनकार निघताना यजमानाने संतोषाने द्यावयाचे ते द्रव्य. त्यात देणाऱ्याची मर्जी प्रधान असते. अलीकडे लेखकांच्या बाबतीत रूढ झालेला 'मानधन' हा शब्द तर द्रव्याला मानाचे वस्त्र चढवितो. मानाची घासाघीस करावयाची नसते. म्हणून मानधन म्हटले की रकमेची चर्चा करणे लेखकालाच अप्रशस्त वाटू लागते.

या सर्वांहून निराळा आणि अस्सल मराठी घडणीचा शब्द म्हणजे 'लिहिणावळ'. दळणावळ, शिवणावळ, भरणावळ यांच्याच मालिकेतील हा शब्द आहे. येथील 'णावळ' हा अंत्यभाग क्रियापदाला लागून त्या क्रियेचा दाम दर्शवितो. या मालिकेचे वैशिष्ट्य असे की, तीतील प्रत्येक क्रियेला दोन्ही पक्षांना मोजता येईल असे माप असते. दळणावळ पायलीवर ठरते, शिवणावळ नगावर. पायली किती भरली याविषयी दळणारा आणि दळून घेणारा यांच्यात वाद होऊ नये, हेच त्या मापाचे प्रयोजन. मग लिहिणावळीची पायली कोणती?

३

या प्रश्नाचे एक जुने आणि शास्त्रशुद्ध उत्तर भारतीय हस्तलिखितांच्या परंपरेत सापडते. अनुष्टुभ् छंदातील श्लोकाची अक्षरे ३२. या ३२ अक्षरांच्या परिमाणालाच 'ग्रंथ' अशी संज्ञा होती. आणि मूळ रचना पद्यात असो वा गद्यात, तिची लांबी या परिमाणात मोजून पोथीच्या शेवटी नोंदविण्याची रीत होती. जैन हस्तलिखितांत 'ग्रंथाग्र' म्हणून जी संख्या दिलेली आढळते ती हीच. या संख्येचा उपयोग दुहेरी होता. प्रतीत काही गळले किंवा घुसडले गेले आहे काय, हे तिच्यावरून ताडता येई. आणि नक्कल करणाऱ्या लेखकाचा मोबदला दर हजार ग्रंथांस अमुक असा ठरविता येई. पानाचा आकार, अक्षराचा ठसठशीतपणा, ओळींतील अंतर यांपैकी कशानेही ही संख्या बदलत नाही. अक्षरे मोठी काढून पाने वाढविली तरी लेखकाला अधिक द्रव्य मिळत नाही, आणि बारीक अक्षराने कागद वाचविणाऱ्यास कमी मिळत नाही. मापाचे एकक निर्लेप असावे, ही अपेक्षा येथे उत्तम प्रकारे पुरी होते.

मराठीत मात्र एक अडचण उद्भवते. ओवीच्या चरणांतील अक्षरसंख्या निश्चित नसते. म्हणून ओव्यांची संख्या म्हणजे ग्रंथसंख्या नव्हे. वीस दशक आणि दोनशे समासांच्या दासबोधात ७७५१ ओव्या आहेत, एवढे सांगितल्याने ते लिहून काढण्यास किती श्रम पडतील याचा स्थूल अंदाज येतो, नेमके माप मिळत नाही.

दासबोधाचा उल्लेख येथे केवळ उदाहरणापुरता नाही. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. तेथे १६०८ मध्ये जन्मलेल्या या ग्रंथकाराने लेखनाच्या क्रियेवर एक स्वतंत्र समासच रचला आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा हा पहिला समास म्हणजे मराठीतील लेखनतंत्रावरील एक दुर्मिळ प्रकरण होय. बाळबोध अक्षर वाटोळे, सरळ आणि सुटे असावे. काना, मात्रा, वेलांटी स्पष्ट असावी. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत लेखन एकाच हाताचे आणि एकाच टाकाचे दिसावे. पानाच्या चहूबाजूंस कोरी जागा राखावी, म्हणजे कागद झिजला तरी अक्षर शाबूत राहील. तरुणपणी इतके बारीक लिहू नये की म्हातारपणी ते वाचता येऊ नये, हा सारा विचार त्यात आला आहे. निरनिराळ्या ठिकाणचे बरू, टाक तोडण्याच्या रीती, हिंगूळ, बासने, मेणकापड, पेट्या आणि कुलपे यांचाही त्यात परामर्श आहे.

इतक्या तपशिलाच्या या प्रकरणात मोबदल्याचा विचार मात्र नाही. ही उणीव नव्हे. लेखन येथे सेवा आहे, आणि सेवेला दर नसतो. कल्याणस्वामींच्या हातची समजली जाणारी दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात जतन झाली आणि शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९०५ साली धुळ्याहून दासबोधाचे जे संस्करण प्रसिद्ध केले ते तिच्या आधारे. सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ टिकून पाठनिश्चितीस उपयोगी पडलेल्या त्या श्रमाचे मोल कोणत्या पायलीने मोजावे? या ठिकाणी पुढील साऱ्या विवेचनास उपयोगी पडणारा एक भेद स्पष्ट होतो. लेखनाचे परिमाण ही एक गोष्ट. लेखनाचा उपयोग ही दुसरी. ग्रंथसंख्या पहिलीचे माप देते, दुसरीविषयी ती काही सांगू शकत नाही.

हाच भेद दूरच्या एका दाखल्यावरून अधिक ठळक होतो. रोमन सम्राट डायोक्लेशियन याने इ. स. ३०१ मध्ये वस्तूंच्या किमतींची आणि मजुरीची कमाल मर्यादा ठरविणारे फर्मान काढले. त्यात लेखनाचे दर आहेत. उत्तम अक्षरातील १०० ओळींस २५ दिनार, दुय्यम अक्षरातील १०० ओळींस २०, आणि अर्ज किंवा दस्तऐवज लिहिणाऱ्यास १०० ओळींस १०. शेतमजुराची दिवसाची मजुरी जेवणाखेरीज २५ दिनार होती. म्हणजे उत्तम अक्षरातील शंभर ओळी आणि शेतावरील एक दिवस यांची किंमत सारखी धरली होती. ग्रीक-रोमन परंपरेत मापाची ओळ षट्पदी वृत्ताच्या चरणाइतकी, सुमारे १५-१६ अक्षरांची मानीत. दोन ओळी मिळून आपला एक 'ग्रंथ' होतो, हे साम्य मनोरंजक आहे. दोन दूरस्थ संस्कृतींनी एकमेकींपासून स्वतंत्रपणे पद्याच्या चरणालाच लेखनाची पायली केले.

परंतु लक्षणीय गोष्ट निराळीच आहे. दुसऱ्याचा मजकूर सुंदर अक्षरात उतरविणाऱ्यास २५ आणि पक्षकाराची हकीकत ऐकून, तिची जुळणी करून दस्तऐवज तयार करणाऱ्यास १०, असे हे प्रमाण आहे. ओळ हे एकक स्वीकारल्याबरोबर हात दिसू लागला आणि बुद्धी दिसेनाशी झाली.

४

जालना परिसरातील दुसरा लेखकवर्ग दप्तराचा. गावोगावचे कुलकर्णी, पुढे पटवारी, परगण्याचे देशपांडे हे वतनी लेखक होत. त्यांची लिपी मोडी. बाळबोधात प्रत्येक अक्षर सुटे आणि मोजण्याजोगे असते. मोडीत आधी पानभर रेघ ओढावयाची आणि मग हात शक्य तितका न उचलता तिला अक्षरे लटकवीत जावयाचे. शब्दांमध्ये अंतर राखण्याचा आग्रह नाही. जी लिपी वेगासाठी घडली तीत मोजणीची सोय नसावी, हे स्वाभाविकच होय. मोजणीची गरजही नव्हती. कुलकर्ण्याचे उत्पन्न इनाम जमीन, धान्याचा वाटा आणि रोख हक्क यांतून येई. लावणीपत्रक, वसूलबाकी, जमाखर्च यांची पाने किती भरली यावर ते अवलंबून नव्हते. येथे मोबदला लेखनाचा नसून अधिकाराचा होता.

पहिल्या सालारजंगाने १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली आणि देशमुख-देशपांड्यांकडील वसुलाचे काम काढून घेतले, तेव्हा त्यांना 'रुसूम' म्हणून भरपाई देण्यात आली. लेखन थांबले तरी मोबदला चालू राहू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण दुसरे नाही. मोबदला आणि लेखन यांचा सांधा वतनव्यवस्थेत मुळातच सैल होता.

याच्या अगदी उलट स्थिती कचेरीच्या आवारात बसणाऱ्या अर्जनवीसाची. 'नवीस' म्हणजे लिहिणारा; चिटणीस, फडणीस या मराठीने पचवून टाकलेल्या शब्दांच्या अंती तोच आहे. हैदराबाद संस्थानाच्या कारभाराची भाषा प्रथम फारसी होती. १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. अंबड, भोकरदन, जालना येथील रयतेची भाषा मराठी, गावचे दप्तर मोडीत, आणि कचेरीतील अर्ज मात्र परभाषेत, असा हा त्रिविध व्यवहार होता. शेतकरी आपले गाऱ्हाणे मराठीत सांगे. ते ऐकून त्यातील कामाचा भाग निवडणे, त्यास क्रम लावणे, कचेरीच्या रिवाजातील मायन्यात आणि शब्दांत बसविणे, हे अर्जनवीसाचे काम. अर्ज एका कागदाचा असे. परंतु त्या कागदाच्या मागे श्रवण, निवड आणि भाषांतर अशा तीन क्रिया असत. शेतकरी कागदाला पैसे देत नव्हता. आपले म्हणणे हाकिमाला समजेल अशा रूपात पोहोचावे, यासाठी तो पैसे देत होता.

या व्यवहारात दोन्ही पक्षांची अडचण होती. ज्याला अर्जाची भाषा वाचताच येत नाही त्याने लेखनाची किंमत कशी जोखावी? आणि ज्याने तासभर गाऱ्हाणे ऐकून दहा ओळी लिहिल्या त्याने आपले श्रम कशाने दाखवावेत? दोघांच्या हाती मोजण्यासारखा एकच पदार्थ होता, तो म्हणजे कागद. मापाचे एकक आणि खरेदी होणारी वस्तू यांत अंतर पडले की घेणाऱ्यास लुबाडल्यासारखे आणि देणाऱ्यास राबविल्यासारखे वाटते, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात. १९४८ नंतर उर्दूचे हे स्थान संपले आणि महाराष्ट्राच्या १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा झाली. तरी तक्रार आणि अर्ज यांमधील अंतर काही केवळ दोन भाषांमधले नव्हते.

५

तिसरा वर्ग जाहिरात-लेखकांचा. इंग्रजीतून आलेल्या 'कॉपीरायटर' या शब्दातील 'कॉपी' म्हणजे नक्कल नव्हे. छापखान्यात जुळणीसाठी द्यावयाचा मजकूर या अर्थी तो शब्द रूढ होता. तथापि शब्दावर नकलेची छाया राहिली आणि तिचा परिणाम दरावरही झाला.

आधुनिक जाहिरातव्यवसाय आपल्याकडे प्रथम मुंबईत वाढला. १९०५ मध्ये गिरगावात सुरू झालेली बी. दत्ताराम आणि कंपनी ही भारतातील आद्य जाहिरातसंस्था म्हणून सांगितली जाते. या व्यवसायाची आर्थिक घडी दीर्घकाळ दलालीवर बसलेली होती. वृत्तपत्रातील जागेच्या किमतीवर संस्थेला रूढीने शेकडा १५ दलाली मिळे, आणि मजकूर लिहिण्याचा खर्च तीतूनच भागे. एक लाख रुपयांच्या जागेवर पंधरा हजार रुपये. मग त्या जागेत पाच शब्द असोत की पन्नास. ग्राहकाच्या हिशेबी जागेला किंमत होती, शब्दाला नव्हती. शब्द जागेबरोबर फुकट येत. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत सैल होऊन कामागणिक मोबदल्याची रीत वाढली, तेव्हा संस्थेबाहेरील स्वतंत्र लेखकाला बाजारात स्थान मिळाले. पण त्याच्या मागे दराची कोणतीही परंपरा नव्हती. ज्या वस्तूची किंमत दोन-तीन पिढ्या दुसऱ्या वस्तूच्या किमतीत लपली होती, तिचा भाव त्याला एकाएकी सांगावा लागला.

जालन्यात हा प्रश्न बियाण्याच्या व्यापाराने आणला असे म्हणता येईल. कापसाच्या आणि धान्याच्या बाजारपेठेमुळे 'जालना, सोने का पालना' असा लौकिक पूर्वीपासून असलेल्या या शहरात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे 'महिको', स्थापन केली. बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढे इतरही बियाणे कंपन्या येथे उभ्या राहिल्या आणि जालना हे बियाण्याचे एक प्रमुख केंद्र बनले. संकरित बियाणे दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. घरचे बी राखणाऱ्या शेतकऱ्याला लिखित मजकुराची गरज नव्हती. पिशवीतले बी घेणाऱ्याला ती पडते. वाण, लागवडीचे अंतर, पेरणीचा हंगाम हे सारे आता त्याला वाचून घ्यावे लागते.

एका पिशवीच्या मजकुराचे पृथक्करण केले असता तीत तीन प्रकारचे लेखन आढळते. पहिला भाग कायद्याने ठरविलेला. १९६६ चा बियाणे अधिनियम आणि १९६८ चे नियम यांनुसार पीक, वाण, उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीची तारीख इत्यादी तपशील द्यावा लागतो. येथे लेखकाला निवडीस वाव नाही. अचूक उतरविणे एवढेच त्याचे काम. हा नकलकाराचा वारस होय. दुसरा भाग लागवडीच्या सूचनांचा. कृषिशास्त्रज्ञाचा शास्त्रीय आणि बहुधा इंग्रजी मजकूर शेतकऱ्याला कळेल अशा मराठीत आणावयाचा असतो. हा अर्जनवीसाचा वारस. फक्त प्रवासाची दिशा उलटी, कचेरीकडून शेताकडे. तिसरा भाग वाणाचे नाव आणि त्याखालची चार-पाच शब्दांची ओळ. तिचे मोल लांबीशी संबंधित नाहीच. तिन्ही भागांना एकच दर लावणे म्हणजे धान्य, कापड आणि तेल एकाच पायलीने मोजणे होय.

६

प्रत्यक्षात मात्र एकच दर लावला जातो, आणि तो शब्दावर. शब्दागणिक दर ही पद्धत इंग्रजी व्यवहारातून आली. मराठीच्या बाबतीत ती लेखकास प्रतिकूल आहे, आणि याचे कारण मराठीच्या घटनेत आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहिण्याचा संकेत आहे, आणि इंग्रजीतल्यासारखी उपपदे मराठीत नाहीत. 'शेतकऱ्यांच्या शेतांत' हे मराठीत दोन शब्द. हिंदीत परसर्ग तोडून लिहितात. 'किसानों के खेतों में' हे चार शब्द. इंग्रजीत 'इन द फील्ड्स ऑफ द फार्मर्स' हे सहा. अर्थ एक, आणि मोजणी दोन, चार व सहा.

पूर्ण वाक्याचे उदाहरण घेतले तरी निष्कर्ष बदलत नाही. 'दुकानातून आणलेले बियाणे कोरड्या जागी ठेवावे' या वाक्यात सहा शब्द आहेत. 'सीड्स बॉट फ्रॉम द शॉप शुड बी केप्ट इन अ ड्राय प्लेस' या त्याच आशयाच्या इंग्रजी वाक्यात बारा. तिन्ही भाषांना समान शब्ददर लावणारा ग्राहक आपण समदृष्टीने वागलो असे मानतो. वस्तुतः या वाक्यापुरते मराठी लेखकाला निम्मेच मिळते.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. तेच वाक्य 'दुकानात जाऊन विकत आणलेले बियाणे कोरड्या जागेमध्ये ठेवून द्यावे' असे लिहिले की शब्द नऊ होतात आणि मोबदला दीडपट. शेतकऱ्याला अधिक काही कळलेले नाही, वाचण्याचा भार तेवढा वाढला आहे. म्हणजे शब्ददर मराठीच्या स्वाभाविक संक्षेपाला दंड करतो आणि पाल्हाळाला बक्षीस देतो. चांगला लेखक असे करणार नाही हे खरे. पण चांगल्या लेखकाने स्वतःच्या नुकसानीनेच चांगले राहावे, अशी रचना रास्त म्हणता येणार नाही.

या दृष्टीने ग्रंथगणनेचे एकक अधिक शास्त्रशुद्ध ठरते. वरील सहा शब्दांच्या वाक्यात वीस अक्षरे आहेत. प्रत्यय जोडून लिहा की तोडून, अक्षरे वीसच राहतात; लेखनसंकेताचा मोजणीवर परिणाम होत नाही. पाल्हाळाचा दोष अक्षरगणनेतही उरतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु नक्कल, मुद्रितशोधन आणि मूळ मजकूर ठरलेला असलेले भाषांतर यांत लांबी लेखकाच्या हाती फारशी नसते. तेथे हा दोष बाधत नाही. भाषांतरात आणखी एक उपाय आहे. मोजणी मूळ मजकुराची करावी, लक्ष्य मजकुराची नव्हे. म्हणजे संक्षेपाचा दंड उरत नाही आणि रक्कम काम सुरू होण्यापूर्वीच दोघांस कळते.

७

मग लागवडीच्या सूचना आणि चार शब्दांची ओळ यांचे काय? येथे 'रास्त' या शब्दाचा अर्थ निश्चित करावा लागतो. भारत सरकारने १९४८ मध्ये नेमलेल्या रास्त वेतन समितीने किमान वेतन, रास्त वेतन आणि निर्वाह वेतन असा भेद केला. रास्त वेतनाची खालची मर्यादा किमान वेतन आणि वरची मर्यादा उद्योगाची देण्याची क्षमता, असे तिचे सूत्र होते. त्यानंतर न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील वृत्तपत्र आयोगाच्या शिफारशींतून १९५५ चा श्रमिक पत्रकारांचा कायदा आला व वेतनमंडळ नेमले गेले. त्या मंडळाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये रद्द ठरविला, तो वृत्तपत्रांच्या देण्याच्या क्षमतेचा विचार मंडळाने केला नाही या कारणावरून. खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा सांभाळल्याखेरीज रास्तपणा सिद्ध होत नाही, हा त्याचा इत्यर्थ.

स्वतंत्र लेखकासाठी असे मंडळ नाही, आणि समव्यावसायिकांनी एकत्र येऊन दर बांधून घेणे २००२ च्या स्पर्धा अधिनियमास मानवणारे नाही. म्हणून सर्वांसाठी एक दरपत्रक हा मार्ग बंद आहे. दर ठरविण्याची रीत मात्र समान असू शकते, आणि समितीचे सूत्र तेथे उपयोगी पडते.

खालची मर्यादा वेळावर ठरावी. उदाहरणादाखल, एखाद्या लेखकाच्या कुटुंबाची वार्षिक गरज ४,८०,००० रुपये धरली आणि वर्षाचे कामाचे दिवस २४० धरले, तर दिवसाचे २,००० रुपये होतात. पण काम मिळविणे, पत्रव्यवहार, वसुली आणि अभ्यास यांत त्यांपैकी निम्मे दिवस गेले तर विकता येण्याजोगे दिवस १२० उरतात आणि दिवसाचा दर ४,००० होतो. नोकराच्या पगाराशी तुलना करून स्वतंत्र लेखक महाग वाटतो तो या न दिसणाऱ्या दिवसांमुळे. अर्जनवीसाच्या श्रवणाप्रमाणेच हे दिवसही कागदावर उमटत नाहीत. उशिरा मिळालेला पैसा हादेखील दरातील कपातच होय. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाखाली नोंदणी केलेल्या लेखकास काम स्वीकारले गेल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत रक्कम मिळण्याचा आणि विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजाचा हक्क आहे.

वरची मर्यादा उपयोगावर ठरावी. येथे १९५७ चा स्वामित्वहक्क अधिनियम लक्षात घ्यावा लागतो. नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा प्रथम स्वामी मालक असतो. स्वतंत्र लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा प्रथम स्वामी, विरुद्ध करार नसल्यास, लेखकच असतो. हक्काचे हस्तांतरण लेखी व्हावे लागते. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. चार शब्दांच्या घोषवाक्याला न्यायालये सहसा हे संरक्षण देत नाहीत. म्हणूनच अशा ओळीचे मोल काम हाती देण्यापूर्वी करारानेच ठरविणे इष्ट. एका हंगामात एका जिल्ह्यात वाटावयाचे पत्रक आणि पाच वर्षे अनेक राज्यांत फिरणारी पिशवी यांवरील मजकूर अक्षरशः एकच असला, तरी त्यांचे मोल एक नव्हे. मुदत आणि प्रदेश ही उपयोगाची दोन मापे कायद्यानेच हाती दिलेली आहेत. ती दराच्या बोलणीत आणणे एवढेच उरते.

या दोन मर्यादांच्या मध्ये लेखकाची जबाबदारी येते. लागवडीच्या सूचनेत दोन ओळींतील आणि दोन रोपांतील अंतराची अदलाबदल झाली तर चूक अक्षरांची असते आणि हंगाम शेतकऱ्याचा जातो. तपासणीचा वेळ, शास्त्रज्ञाकडून खातरजमा आणि एखाद्या शेतकऱ्याकडून मजकूर वाचून घेणे यांचा दरात समावेश केला नाही, तर त्या कामांना प्रथम कात्री लागते. अल्प दराची झळ लेखकापुरती मर्यादित राहत नाही, ती अशा रीतीने मजकूर वाचणाऱ्याच्या शेतापर्यंत जाते.

८

सारांश, जालना परिसरातील तीन लेखकवर्गांच्या इतिहासावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, लेखनाला एकच नैसर्गिक एकक नाही. नकलेस अक्षर, रूपांतरास व विवरणास वेळ, आणि निर्मितीस उपयोग, अशी निरनिराळी एकके योग्य होत. दुसरी, एकक परभाषेतून जसेच्या तसे उचलता येत नाही. शब्द ही इंग्रजीची सोय आहे, आणि मराठीची घटना व लेखनसंकेत पाहता शब्दागणिक दर मराठी लेखनास अन्यायकारक ठरतो. जेथे परिमाणच मोजावयाचे आहे तेथे जुनी अक्षरगणना आजही अधिक न्याय्य आहे. तिसरी, दर ठरविताना दोन्ही पक्षांना दिसेल असे माप बोलणीच्या आरंभीच पुढे आले पाहिजे. मानधन या शब्दाने ते माप झाकले जाते. लिहिणावळ हा शब्द कदाचित रांगडा वाटेल. पण त्यात माप गृहीत आहे, आणि मापाबरोबर ते मागण्याचा दोन्ही पक्षांचा अधिकारही.